कन्सील्ड डायव्हर्टर की थ्री-इन-वन वॉल मिक्सर? जुन्या फ्लॅटच्या बाथरूमपुरता निकाल

शोरूममध्ये कन्सील्ड डायव्हर्टर देखणा दिसतो, यात वाद नाही. गरम-थंड पाणी मिसळून ते शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा हा व्हॉल्व्ह: भिंतीवर एक चकती, एक दांडा, बाकी सगळं आत. पण वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीतलं बाथरूम नव्याने करताना दहापैकी आठ ठिकाणी साधा, भिंतीबाहेर बसणारा थ्री-इन-वन वॉल मिक्सरच (नळ, वरचा शॉवर आणि हँड शॉवर एकाच मिक्सरवर) जास्त कामाचा ठरतो.

आधी भिंत मोजा. जुन्या फ्लॅटमधली आतली भिंत बहुधा चार इंची विटेची असते. डायव्हर्टरची पितळी बॉडी, मागचे एल्बो (काटकोनी जोड) आणि पाइप धरले तर झिरी, म्हणजे भिंतीतली खाच, सहा-सात सेंटीमीटर खोल मारावी लागते. मग मागे उरते ती विटेची पापडी. ब्रेकर लागला की पलीकडच्या बेडरूमचा गिलावा फुगतो, कधी थेट भोक पडतं. नऊ इंची भिंत असेल तर ही अडचण नाही.

दुसरा घोळ बॉडी भिंतीत किती खोल बसवायची याचा. बॉडीवर प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा. टाईलचा पुढचा चेहरा या दोन रेघांच्या मध्येच यायला हवा आणि सूट जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरची. प्लंबर बॉडी बसवतो तेव्हा भिंत उघडी असते. नंतर गिलाव्याचे १२ ते १५ मिमी, अ‍ॅडहेसिव्हचे ३ ते ६, टाईलचे ८ ते १० असे मिळून २५-३० मिमी चढतात. हा हिशेब चुकला की चकती भिंतीला टेकत नाही, नाहीतर दांडा आखूड पडतो. टाईलवर टाईल लावणाऱ्यांनी तर जुन्या कन्सील्ड कॉकचे (भिंतीतल्या नळांचे) स्पिंडलही, म्हणजे मूठ बसते ते दांडेही, आधी तपासावेत. तिथे एक्स्टेन्शन मिळतं, पण ते टाईल लागायच्या आधी आणलेलं बरं.

वॉल मिक्सरचं गणित सोपं. गरम-थंड पॉइंटमधलं अंतर १५० मिमी, गरम डावीकडे. थोडंफार चुकलं तर वाकडे लेग (भिंतीतला पॉइंट आणि मिक्सर जोडणारे तुकडे) फिरवून जुळवता येतं. मात्र दोन्ही लेग एका लेव्हलला आहेत ना, हे स्पिरिट लेव्हल ठेवूनच बघा. नट जबरदस्तीने आवळून मिक्सर बसवला की वॉशर तिरका दाबला जातो आणि काही महिन्यांत तिथूनच टपकायला लागतं. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपच्या) लाइनवर भिंतीतले एल्बो पितळी आट्यांचेच घ्या. प्लॅस्टिकच्या आट्यांवर सुतळी-सफेदा लावून पाना मारला की ते चिरतात, आणि ती चीर टाईलच्या मागे असते.

आता दाब. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ शॉवरपासून १० फुटांवर असेल, तर मिळतो फक्त ०.३ बार. बऱ्याच डायव्हर्टरना किमान अर्धा बार लागतो. तपासणी घरीच होते: शॉवरचं डोकं काढा, बादली त्याच उंचीवर धरून १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा. पाइप लावून बादली जमिनीवर ठेवू नका. तसं केलं की दाब उगाच जास्त दिसतो. मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर आठ इंची शॉवरचा नाद सोडा, चार इंची घ्या. नाहीतर कडेच्या छिद्रांतून नुसते थेंब गळतील. प्रेशर पंप हा उपाय आहे, पण त्यासाठी लाइन आणि सोसायटी दोघांनीही साथ द्यायला हवी.

मिक्सरचाही एक दोष आहे. हँड शॉवर टोकाच्या बटणाने बंद करून मिक्सर उघडाच ठेवला, तर गरम आणि थंड लाइन आतून जोडलेल्या राहतात. मग बेसिनच्या थंड नळाला गरम पाणी येतं आणि सगळे गीझरला दोष देतात. दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) टाका, किंवा शॉवर नेहमी मिक्सरवरच बंद करा. शिवाय मिक्सर भिंतीतून पुढे येतो. साडेतीन फूट रुंदीच्या बाथरूममध्ये कोपर आपटतं. अशा अरुंद जागेत, भिंत जाड आणि दाब पुरेसा असेल, तर डायव्हर्टरच घ्यावा.

दुरुस्तीत दोघांचा फरक उघड होतो. बोअर किंवा टँकरच्या पाण्यातली रेती आतल्या, पाणी उघड-बंद करणाऱ्या सिरॅमिक डिस्कवर ओरखडे पाडते, क्षार वर थर चढवतात. मिक्सरचे भाग पुढून निघतात. डायव्हर्टरचं कार्ट्रिजही (या डिस्क असलेला बदलता येणारा आतला भाग) पुढूनच निघतं, पण त्याच मॉडेलचं मिळालं तर. बॉडीच गळायला लागली तर टाईल फोडावीच लागते. म्हणून डायव्हर्टर घेणाऱ्यांनी एक जादा कार्ट्रिज आणि त्या टाईलचा एक बॉक्स बाजूला ठेवावा.

खरेदीच्या वेळी विचारा: सांगितलेली किंमत नुसत्या बाहेरच्या किटची की आतल्या बॉडीसकट? डायव्हर्टरचे हे दोन भाग बऱ्याचदा वेगळे विकतात आणि घासाघीस झाल्यावर बॉडीचं बिल वेगळं येतं. मॅट काळी फिनिश क्षाराच्या पाण्यात पांढऱ्या डागांनी भरते; क्रोमवर ते कमी उठून दिसतात. कुठल्याही फिनिशला अ‍ॅसिड लावू नका. एरेटर (नळाच्या तोंडाची जाळी) तुंबला तर काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवला की पुरे.

आणि झिरी बुजवण्याआधी लाइनचा दाब तपासायचाच. सोल्व्हंट वाळायला २४ तास द्या, लाइन धुऊन रेती काढा, तोंडं बंद करून टेस्ट पंपाने ६-७ किलो (साधारण ६-७ बार) दाब द्या आणि काटा रात्रभर तिथेच राहतो का ते बघा. वॉटरप्रूफिंगचा हात त्यानंतर.