मुंबई ते दाबोळी चार्टर विमान: पायलट एक नंबर, कंपनीवर मात्र भयंकर राग आहे

मामांचं मणक्याचं ऑपरेशन मुंबईत झालं, डॉक्टर म्हणाले बसून प्रवास अजिबात नको, आणि मुंबई-गोवा हायवेवरून झोपवून आणायचं म्हणजे त्या खड्ड्यांत ऑपरेशनचीच वाट लागणार, म्हणून आम्ही सगळ्या भाचरांनी पैसे जमवून छोटं विमान केलं. किंग एअर, दोन इंजिनांचं, पंखेवालं, आत स्ट्रेचर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएकडे तक्रार दिलीय, आधी त्याचं काय ते होऊ दे.

मुंबईतलं सगळं चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

दाबोळीला उतरताना बघा काय झालं. मी पायलटच्या मागेच बसलेलो, मध्ये दार नाही, सगळं दिसत होतं. चाकं खाली सोडली की 3 हिरवे दिवे लागतात, एक पुढच्या चाकाचा आणि दोन बाजूच्या चाकांचे. बाजूचे 2 लागले, पुढचा लागलाच नाही आणि चाकं खाली-वर करायच्या लिव्हरच्या मुठीतला लाल दिवा विझेना. म्हणजे चाक लॉक झालेलं नाही. तसंच उतरलं तर चाक दुमडतं, नाक रनवेवर घासतं आणि फिरते पंखे जमिनीला लागतात.

कॅप्टननी हिरवा दिवा दाबून टेस्ट केला, बल्ब चांगला होता. लगेच विमान वर घेतलं, समुद्रावर घिरट्या सुरू. कॅप्टन को-पायलटला म्हणाले, तू फक्त उडव, दुसरं काही बघू नकोस. तेव्हा मला ते साधं वाटलं, नंतर वाचलं की 1972 मध्ये अमेरिकेत ईस्टर्न एअर लाइन्स कंपनीचं मोठं विमान अशाच पुढच्या चाकाच्या दिव्यापायी गेलं, तिथे तर फक्त बल्ब उडालेला, पण कॉकपिटमधले सगळे त्यातच गुंतले आणि विमान हळूहळू खाली जातंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, 101 माणसं गेली. हे वाचून अंगावर काटा आला.

मग टॉवरजवळून कमी उंचीवर एक फेरी मारली. दाबोळीचा एटीसी, म्हणजे विमानांना सूचना देणारा टॉवर, नेव्हीकडे, त्यांनी बघून सांगितलं की चाक बाहेर दिसतंय, पण लॉक आहे की नाही हे खालून कोणाला कळणार? शेवटी कॅप्टननी एक सर्किट ब्रेकर (विजेचं बटण) ओढला आणि सीटजवळ खाली असलेला हातपंप मारायला घेतला, बोअरिंगचा हापसा मारतात तसा, वाकून, एका हाताने. मी मनात मोजत होतो. मामा झोपल्या झोपल्या माझ्याकडे बघत होते, त्यांना काय सांगू? म्हटलं, मामा, रांग आहे म्हणून थांबलोय. 60 च्या पुढे गेल्यावर पंप जड झाला, कॅप्टनच्या मानेवरची शीर दिसायला लागली आणि तिसरा दिवा हिरवा झाला.

तरी उतरताना नाक शेवटपर्यंत उचलून धरलं, इतकं अलगद टेकवलं की मामांना कळलंही नाही. रनवेच्या कडेला फायर ब्रिगेडच्या गाड्या उभ्या होत्या.

आता कंपनी. त्यांचा माणूस आला तो म्हणे, छोटा टेक्निकल इश्यू होता, सेफ पोचलात ना. 2 दिवसांनी बिल आलं, त्यात हवेत घिरट्या घातलेली 25 मिनिटं जादा फ्लाइंग म्हणून लावलेली! तुमचं चाक लॉक झालं नाही त्याचे पैसे पेशंटने भरायचे? त्या चाकांच्या गिअरचं शेवटचं मेंटेनन्स कधी झालं, आधीही असं झालेलं का, एवढंच मी विचारलं. 3 मेल केले, एकाचंही उत्तर नाही. बिघाड कुठल्याही मशीनमध्ये होतो, त्याचा राग नाही, लपवण्याचा आहे.

कोणाला पेशंटसाठी विमान करायचं असेल तर आधी कंपनीचा एनएसओपी, म्हणजे चार्टर विमानं चालवायचा डीजीसीएचा परमिट, आणि विमानाचा व्हीटीने सुरू होणारा नंबर मागा, प्रायव्हेट रजिस्ट्रेशनचं विमान पैसे घेऊन चालवता येत नाही. पायलट दोन असतील हे लेखी घ्या, आमच्यावेळी एकच असता तर पंप कोणी मारला असता आणि विमान कोणी सांभाळलं असतं? जादा घिरट्यांचे पैसे कोणाचे हेही आधीच ठरवा.

2 स्टार देतोय, दोन्ही त्या दोन पायलटांचे. मेलचं उत्तर आलं आणि ती 25 मिनिटं बिलातून काढली तर रिव्ह्यू बदलीन.