रडारच्या भोंग्याचं डिले कार्ड: हंगामभर खूश होतो, बंदीनंतर दोन तारे

रडारचा अलार्म काही सेकंद टिकला तरच बाहेरचा भोंगा वाजवणारं हे कार्ड. ऑगस्ट ते मे याला चार तारे होते, आता दोन. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत रडारवर गार्ड झोनचा (बोटीभोवती आखलेल्या पट्ट्यात काही शिरलं की लागणारा) अलार्म लागलेला आणि केबिनबाहेरचा भोंगा गप्प. टेस्ट बटण दाबलं की मात्र खणखणीत वाजतो. विक्रेत्याचंही तेच: "बटणावर वाजतोय ना? मग कार्ड ओके."

ओके कसलं! बटण थेट भोंगा चालवणाऱ्या रिलेच्या ट्रान्झिस्टरला जोडलंय. टायमर मेला तरी बटण पासच होणार.

अँटेना २४ आरपीएम, म्हणजे एक फेरा २.५ सेकंदांचा. तीन फेरे अलार्म टिकला तरच भोंगा वाजावा, नाहीतर लाटांच्या क्लटरनं, म्हणजे नकोशा प्रतिध्वनींनी, रात्रभर बोंब. त्यासाठी ५५५ या टायमर चिपला १ मेगओहमचा रेझिस्टर आणि ६.८ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दिलेत, १.१ गुणिले आर-सी (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर), साडेसात सेकंद. कागदावर चोख. पण सप्लाय ७८एल०९ रेग्युलेटरचा, ९ व्होल्ट; ५५५ ला त्याच्या दोन-तृतीयांश लागतात, म्हणजे कपॅसिटर ६ व्होल्टपर्यंत चढायला हवा. तिथे पोचताना रेझिस्टरवर उरतात ३ व्होल्ट, प्रवाह जेमतेम ३ मायक्रोअँपियर. साध्या इलेक्ट्रोलिटिकला कॅटलॉग तेवढी गळती (आतून निसटणारा प्रवाह) माफच करतो! नव्यात गळती नगण्य, म्हणून हंगाम निघाला. १ जून ते ३१ जुलै बोट शाकारलेली, कार्डाला सप्लाय नाही; आतला ऑक्साइडचा थर बिघडतो आणि गळती वाढते. ५५५ च्या पिन ६ वर, म्हणजे कपॅसिटरवर, मीटर ४.८ व्होल्टला अडकला तो अडकलाच. दुसरा इलेक्ट्रोलिटिक लावलात तर पुढच्या ऑगस्टला पुन्हा हेच.

५५५ काढून सीडी४०६० ही काउंटर चिप बसवा. पिन १० ला ३९ के (किलोओहम), पिन ९ ला १० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर, पिन ११ ला ३९० के. तिघांची दुसरी टोकं एकत्र. पिन १२ ला (रिसेट) १०० के नऊ व्होल्टवरून, आणि रडारचा सिग्नल घेणाऱ्या पीसी८१७ ऑप्टोकपलरचा कलेक्टर तिथेच, एमिटर निगेटिव्हला. पिन ३ वरून ४.७ के मधून ट्रान्झिस्टरचा बेस. पिन ३ कडून ११ कडे १एन४१४८ डायोड विसरलात तर भोंगा सात सेकंद वाजून सात सेकंद गप्प बसेल. डिले ७.३ सेकंदांच्या आसपास येतो. सगळा खर्च दोन-तीन वडापावांचा. हे कारखान्यात का सुचू नये?

एक अट: रडारचं आउटपुट सलग हवं. काही रडार बझरसाठी चालू-बंद पल्स देतात. मग प्रत्येक फटीत पिन १२ काउंटर रिसेट करते आणि भोंगा कधीच वाजत नाही. आधी मीटर लावून बघा.

बाकी माल वाईट नाही. रिलेवर १एन४००७ डायोड आहे, ऑप्टोमुळे रडारचं अर्थिंग वेगळं राहतं. टर्मिनलमधली उघडी तांब्याची तार मात्र हिरवी पडली. कथिल चढवलेली तार आणि फेरूल (टोकावर दाबायची धातूची नळी) वापरा. दुरुस्तीनंतर साडेतीन तारे देतो.

बंदर सोडण्याआधी ते बटण दाबू नका. रडारकडून येणारी तार सोडवून ते टर्मिनल १० सेकंद निगेटिव्हला टेकवा. वाजला तरच निघा.