मुंबईचे वॉर्ड नकाशावर: क्यूजीआयएस कितपत कामाला येते?

वॉर्डनिहाय आकडे नकाशावर मांडायला क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत आहे, आणि मुंबईचे २२७ प्रभाग साध्या लॅपटॉपवरही झटपट उघडतात. डोकेदुखी असते ती हद्दीच्या फायलीत.

फाइल वॉर्डांची आहे की प्रभागांची, आणि कोणत्या सालची, हे आधी बघा. के/पूर्व, जी/दक्षिण हे प्रशासकीय वॉर्ड, प्रभाग निवडणुकीचे. २०१२ आणि २०१७, दोन्ही निवडणुकांत प्रभाग २२७च होते, पण मध्ये फेररचना झाली. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून तुलना केली तर ती फसते.

आकडे हद्दींना जोडायला 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय फील्ड व्हॅल्यू' हे साधन वापरा; ते दोन तक्ते सारख्या मजकुराच्या रकान्यावरून जोडते. एका तक्त्यात 'के/पूर्व', दुसऱ्यात 'के ईस्ट' असेल तर तो वॉर्ड रिकामाच राहतो. सीएसव्हीतला (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फायलीतला) '००१२' हा कोड आकडा समजून '१२' होतो, म्हणून तो रकाना आयात करतानाच टेक्स्ट ठरवा. काम जिओपॅकेज या नकाशाच्या फाइल प्रकारात साठवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला जेमतेम दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. 'लोकसंख्या'चे 'लोक' एवढेच उरते!

लोकसंख्येची घनता काढण्याआधी थर (नकाशातला हद्दींचा स्तर) ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशक पद्धतीत आणा. अक्षांश-रेखांशातच ठेवून 'एरिया($जिओमेट्री)' हे क्षेत्रफळाचे सूत्र चालवले तर उत्तर चौरस अंशांत येते, त्याचा काही उपयोग नाही. शिवाय आर/मध्य, एस, टी या वॉर्डांत राष्ट्रीय उद्यानाचे जंगल येते. ते वजा केले नाही तर मुलुंड, भांडुप उगाच विरळ दिसतात.

तक्रारींचे बिंदू मोजायला 'काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन' उत्तम. एक्सच्या जागी रेखांश ७२.८ आणि वायच्या जागी अक्षांश १९ हवेत. उलटे झाले की दादरची तक्रार नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. कोस्टल रोडसारख्या भरावावरचे बिंदू जुन्या हद्दीबाहेर राहून गुपचूप गळतात, तेव्हा एकूण बेरीज ताडून बघा.

एकच बाब खटकते. वेबसाठी हद्द हलकी करायला रेषा सोप्या करणारे साधे 'सिम्प्लिफाय' चालवले की शेजारच्या वॉर्डांमध्ये फटी पडतात, कारण ते प्रत्येक वॉर्ड सुटा धरते. त्या कामाला मॅपशेपर हे वेगळे साधन बरे. सामाईक हद्द दोन्हीकडे सारखीच राहते.