सात महिने लालपरीने: वस्तीच्या गाडीचा हिशेब कसा मांडावा?

एसटीचा तिसरा त्रैमासिक पास काढला, म्हणून लिहितो आहे. 50 दिवसांचं भाडं भरायचं आणि 90 दिवस फिरायचं. नोकरी कराडला, घर पाटणच्या मोरणा खोऱ्यात. पास पाटण ते कराडचा आहे. गावापासून पाटणपर्यंत वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी एसटी. तिचं तिकीट रोज वेगळं काढतो. आधी दोन वर्षं मोटारसायकलने जात होतो. पावसाळ्यात ते जिवावरचं काम होतं.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. सकाळी गाडीत बसलो की कराडपर्यंत डोकं मोकळं राहतं. वडापपेक्षा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपपेक्षा, वेळ थोडा जास्त लागतो, पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि गाडीला ठरलेली वेळ असते. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा परिणाम रोज डोळ्यांनी दिसतो. भाजीच्या पाट्या घेऊन आठवडी बाजाराला निघालेल्या, दवाखान्याला निघालेल्या बायका आता घरात कुणाला पैसे मागत नाहीत. आईचं वय 77. पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत, त्यामुळे डोळे तपासायला ती एकटी कराडला जाऊन येते. आमच्या घरात ही लहान गोष्ट नाही.

खरं बोलायचं आहे ते संध्याकाळच्या शेवटच्या फेरीबद्दल. पाटणहून खोऱ्यात चढणारी ही गाडी गावात मुक्काम करते आणि पहाटे तीच खाली उतरते. सात महिने मी वहीत माणसं मोजली. पहाटे बसायला जागा नसते. संध्याकाळी बऱ्याच दिवशी आम्ही दहाच्या आतच असतो. नुसतं त्या फेरीचं भारमान, म्हणजे गाडीतल्या जागांच्या मानाने माणसं किती, एवढंच काढलं, तर कुणीही म्हणेल, ही बंद करा, डिझेल वाचेल.

हा हिशेब मला पटत नाही. पहाटेच्या गाडीत माझ्या शेजारी बारावीची एक मुलगी बसते. कॉलेज सुटल्यावर ती बहुतेक दुपारच्या गाडीने परतते. जादा तास असला तरच शेवटची गाडी धरते, म्हणजे आठवड्यातून एखाद-दोनदा. पण तिच्या वडिलांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रातची गाडी हाय म्हणून तर पोरीला कराडला घातली." शेवटच्या गाडीला तिचं तिकीट रोज मिळत नाही, तरी पहाटेचं तिकीट त्या गाडीमुळेच मिळतं. परतीची खात्री गेली की जाणंही थांबतं. मग पहाटेची गाडीही रिकामी दिसू लागते आणि पुढची कुऱ्हाड तिच्यावर पडते. म्हणून भारमान एकेका फेरीचं न काढता जाण्यायेण्याच्या जोडीचं काढावं, असं मला मनापासून वाटतं.

मुक्कामाचा आणखी एक फायदा आहे. गाडी गावातच राहिली तर रात्री रिकामी खाली न्यावी लागत नाही आणि पहाटे रिकामी वर आणावी लागत नाही. त्यासाठी चालक-वाहकाला झोपायला नीट खोली, पाणी आणि संडास हवा. आमच्या गावाने समाजमंदिरातली एक खोली दिली आहे. प्रत्येक वस्तीच्या गावाने एवढं करावं.

दुसरा मुद्दा दोन तिकिटांचा. वाहकाच्या मशीनमध्ये कोण कुठे चढलं आणि कुठपर्यंतचं तिकीट काढलं, याची नोंद होते. ही माहिती मोलाची आहे. पण गावाहून कराडला जाणारा माणूस पाटणला गाडी बदलतो, तेव्हा कागदावर त्याचे दोन वेगळे छोटे प्रवास होतात. त्याला थेट कराडला जायचं होतं, हे कुठेच उमटत नाही. नियोजन करणाऱ्यांनी वर्षातून निदान दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा शाळा सुरू असताना, फलाटावर उभं राहून विचारावं, "कुठून आलात, शेवटी कुठे जाणार?" आणि जो गाडी नाही म्हणून घरीच बसला, त्याला विचारायला गावात जावं लागेल. तिकिटात तो सापडणार नाही.

या उत्तरांवरून गाड्यांचा मेळ बसवता येतो. स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर रेल्वेचं ठरावीक अंतराचं वेळापत्रक लावलं आणि खेड्यांत जाणाऱ्या पिवळ्या पोस्टबसच्या वेळा त्याला जुळवल्या. पाटणला कराडची गाडी आल्यावर दहा मिनिटांनी खोऱ्यातल्या गाड्या सुटाव्यात, एवढं जमवायला नवी गाडी लागत नाही, वेळापत्रक घेऊन बसावं लागतं.

रोज जाणाऱ्याने पास जरूर काढावा. आणि शेवटच्या गाडीने महिन्यातून चार वेळा तरी या, गरज नसली तरी. माझ्या वहीत तुमचीही नोंद होईल.