गॅल्व्हनाइज्ड पत्रा: स्पॉट वेल्डिंग की क्लिंचिंग?

गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा. तो स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे विजेच्या उष्णतेने ठिपक्याठिपक्याला वितळवून जोडताना खरा खर्च विजेपेक्षा टिपवर, म्हणजे पत्रे दाबून करंट देणाऱ्या टोकावर होतो. जस्त तांब्याच्या टिपमध्ये मिसळून पितळ बनतं, टोक पसरतं, करंटची घनता घटते आणि वेल्ड कच्चा राहतो. म्हणून वारंवार टिप ड्रेसिंग (टोक घासून पुन्हा आकारात आणणं), शिवाय थंड पाणी, धूर ओढणारी यंत्रणा आणि जळालेल्या जागी झिंक पेंट.

क्लिंचिंगमध्ये पंच (दाबणारा दांडा) दोन्ही पत्रे डायमध्ये (खालच्या साच्यात) दाबून एकमेकांत अडकवतो. भोक नको, रिव्हेट नको, कोटिंगही बहुतांशी शाबूत राहतं. तपासणी स्वस्त: सांध्याच्या तळाची जाडी गेजने मोजा, तुकडा फोडावा लागत नाही. जाड पत्रा शक्यतो पंचाकडे ठेवा. उलटं केलं की मान, म्हणजे सांध्याच्या कडेची पत्र्याची भिंत, पातळ होऊन तुटते.

मात्र पत्रे एकमेकांपासून सोलून काढणाऱ्या भाराला क्लिंच कमजोर. तिथे वेल्डच करा.