बॅटन पास टीम काही महिने वापरल्यानंतर: बंदी योग्यच आहे

पोकेमॉनच्या सहाव्या पिढीच्या सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत) पूर्ण बॅटन पास टीम, म्हणजे वाढवलेले स्टॅट एका पोकेमॉनकडून पुढच्याकडे सोपवत नेणारी टीम, काही महिने सतत चालवल्यावर मत पक्कं झालं: सिंगल्समध्ये बॅटन पास ही मूव्ह बंदच हवी. आधी वाटायचं, तक्रार करणाऱ्यांना तोड शोधायचा कंटाळा आहे. तसं नाही. तोडी आहेत, पण जवळजवळ प्रत्येक तोडीवर टीममध्येच कुलूप बसवलेलं आहे.

टीम अशी. लीडला स्पीड बूस्टचा (दर टर्नला स्पीड आपोआप वाढवणारी क्षमता) स्कोलिपीड, हातात मेंटल हर्ब (मूव्हवरचं बंधन एकदाच काढणारी वस्तू). पहिल्या टर्नला वार अडवणारी प्रोटेक्ट, मग सबस्टिट्यूट (पाव एचपी देऊन उभा केलेला, मार झेलणारा बाहुला), मग आयर्न डिफेन्स. चौथ्या टर्नला पास करताना स्पीड +३ (तीन पायऱ्या वाढलेला), डिफेन्स +२ आणि समोर सबस्टिट्यूट उभा असतो. पुढे व्हेपोरिऑन अ‍ॅसिड आर्मरने डिफेन्स +४ करतो. स्मिअर्गल इनग्रेन (जबरदस्तीने बाहेर ओढू न देणारी मूव्ह) लावतो. मिस्टर माइम काम माइंड (स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स एकेक पायरी वाढवणारी मूव्ह) करतो. शेवटी एस्पिऑन. सहावी जागा बहुतेकदा सिल्व्हिऑनची, पण साखळी त्याच्याशिवायही पूर्ण होते.

एस्पिऑनची स्टोअर्ड पॉवर म्हणजे मूळ २० आणि प्रत्येक वाढीव पायरीमागे आणखी २०. स्पीड ३, डिफेन्स ४, दोन काम माइंडचे मिळून ४, अशा अकरा पायऱ्या झाल्या की मूव्हची ताकद २४० होते. त्यावर स्वतःच्या टाइपचा दीडपट फायदा, त्यावर +२ स्पेशल अटॅक म्हणजे दुप्पट. डार्क टाइपवर सायकिक चालत नाही, म्हणून सोबत डॅझलिंग ग्लीम ठेवायची.

आता कुलपं. समोरच्याला बाहेर हाकलणाऱ्या रोअर आणि व्हर्लविंडची प्रायॉरिटी (टर्नमधला क्रम) उणे सहा, त्यामुळे पास नेहमी त्यांच्या आधी होतो. त्याच टर्नला एस्पिऑन आत आला की त्याची मॅजिक बाउन्स क्षमता ती मूव्ह उलटवते आणि रोअर मारणाराच बाहेर फेकला जातो. मिस्टर माइमची साउंडप्रूफ क्षमता रोअर आणि पेरिश सॉंग (काही टर्नांनी बाद करणारी मूव्ह) दोन्ही अडवते (व्हर्लविंड नाही, ती ध्वनीची मूव्ह नव्हे). ड्रॅगन टेल ही मार देऊन बाहेर ओढणारी मूव्ह उलटत नाही, पण सबस्टिट्यूट असेल तर बाहेर ओढू शकत नाही, आणि इनग्रेन असेल तर सबस्टिट्यूटचीही गरज नाही. साधा टॉन्ट (फक्त हल्ल्याच्या मूव्ह करू देणारा) पहिल्यांदा मेंटल हर्बवर वाया जातो, नंतर स्पीड वाढल्यावर एस्पिऑनवर आदळतो. प्रँकस्टरचा (अशा मूव्हना प्राधान्य देणारी क्षमता) टॉन्ट आधी लागतो, तिथे मात्र साखळी खरंच अडखळते.

सबस्टिट्यूट कुणी लावला यानेही मोठा फरक पडतो आणि नवीन वापरणारे इथेच हरतात. पूर्ण एचपी गुंतवणुकीत स्कोलिपीडचे ३२४, म्हणजे सबस्टिट्यूट ८१ चा. व्हेपोरिऑनचे ४६४, म्हणजे ११६ चा. सायझमिक टॉसचे ठरलेले १०० पहिला मोडतात, दुसरा नाही. स्पीड वाढलेला असताना पास आधी होतो, म्हणजे त्या टर्नचा मार आत येणाऱ्याला बसतो. सबस्टिट्यूट मोडलेला असताना घाईने नाजूक मिस्टर माइमला पास केला की साखळी तिथेच संपते.

“हेझ ठेवा की टीममध्ये” हा नेहमीचा सल्ला; हेझ म्हणजे सगळ्या वाढी पुसणारी मूव्ह. हेझ मॅजिक बाउन्सने उलटत नाही, सबस्टिट्यूटने अडत नाही, हे खरं. पण +३ स्पीडचा मिस्टर माइम आधी टॉन्ट लावतो किंवा स्मिअर्गल आधी झोपवणारा स्पोर मारतो. अनअवेअरवाला क्वागसायर तर फसवी तोड आहे: तो स्पेशल अटॅकची वाढ दुर्लक्षित करतो, पण स्टोअर्ड पॉवरची मूळ ताकद पायऱ्या मोजूनच ठरते, त्यामुळे २४० चा वार त्याच्यावर २४० चाच राहतो.

मग ही टीम हरते कशाने? बऱ्याचदा क्रिटिकल हिटने. क्रिटिकल हिट डिफेन्सच्या वाढीकडे बघतच नाही. सहाव्या पिढीत शक्यता सोळात एक, म्हणजे आठ वार झेलले तर किमान एक क्रिटिकल बसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. माझ्या दृष्टीने बंदीचं सर्वांत भक्कम कारण हेच. लढतीआधीच्या टीम प्रिव्ह्यूमध्येच दिसतं की समोर प्रँकस्टर टॉन्ट किंवा जलद हेझ आहे की नाही. नसेल तर पुढचे वीस टर्न दोघांपैकी कुणाच्याही निर्णयाला फार किंमत नसते, आणि निकाल फिरलाच तर फाशाने फिरतो. जिंकण्याचं प्रमाण किती, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

स्पर्धात्मक पोकेमॉनचे नियम ठरवणाऱ्या स्मॉगॉन या ऑनलाइन समुदायाने २०१४ मध्ये आधी टीममागे तीन पासर ही मर्यादा घातली, मग एकच पासर आणि स्पीडसोबत दुसरा कुठलाही स्टॅट पास करायचा नाही असा नियम केला. पूर्ण साखळी त्याने मोडली. पण नियम किचकट झाला: स्पीड बूस्ट आपोआप चालतो, म्हणून त्या स्कोलिपीडला बॅटन पाससोबत स्वोर्ड्स डान्स किंवा आयर्न डिफेन्स ठेवताच येत नाही, आणि टीम नाकारली का गेली हे नवख्याला कळत नाही. सातव्या पिढीच्या ओयूमध्ये (स्मॉगॉनचा मुख्य सिंगल्स गट) २०१७ साली मूव्हच बंद झाली, ते जास्त स्वच्छ. एक नुकसान मात्र खरं आहे. बूस्टशिवायचा साधा पास, फक्त सुरक्षित स्विचसाठी वापरलेला, त्यात विनाकारण गेला. मला तो अजूनही हवासा वाटतो. तरीही नवव्या पिढीत शेड टेल नुसता सबस्टिट्यूट पुढे देते आणि तीही ओयूत बंद करावी लागली, हे पाहता अर्धवट सूट टिकली असती असं वाटत नाही.

डबल्सला (दोनास दोन लढतीला) मात्र हे लागू करू नये. सातव्या पिढीत ईव्ही आपल्या झी-मूव्हने पाच स्टॅट एकदम +२ करून पास करायचा, पण तिथे एका टर्नला समोरून दोन वार येतात आणि फेक आउट एक टर्न खाऊ शकतो. मांडामांड सुरू असतानाच ती मोडता येते. सिंगल्समध्ये नेमकी हीच संधी मिळत नाही.